अंगठी अजून तिथेच असेल

प्रश्न:

माझं वय ५२. दोन महिन्यांपूर्वी बागेतलं तण काढताना बोटातली आईची अंगठी निसटली. सोन्याची, पातळ, अगदी साधी. आई गेल्यापासून मी ती रोज घालत होते. हात धुताना लक्षात आलं, तोवर अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी जिथे बसले होते तिथली माती चाळली, काही मिळालं नाही. मग सहकाऱ्याच्या मुलाकडून मेटल डिटेक्टर मागून आणला आणि दोन रविवार वाफ्यांवर फिरवला. कचरा वाजू नये म्हणून त्याने लोखंड, फॉइल आणि कॅनचे टॅब बंद करून दिले होते. आठ टोपणं, एक बिजागरी, काही वाकडे गंजलेले खिळे आणि एक नाणं निघालं. अंगठी नाही.

पण खरं सांगू? त्या दोन रविवारी मला खूप दिवसांनी शांत वाटलं. आवाज आला की थांबायचं, खाली बसायचं, माती बाजूला करायची. वेळ कसा गेला कळलं नाही. आता स्वतःचं यंत्र घेऊन हा छंद धरावासा वाटतो. घरचे हसतात, 'आता गुप्तधन शोधणार का' म्हणतात. मैत्रीण म्हणते, घ्यायचंच तर महागातलं घे आणि जुन्या पडक्या वास्तूपाशी जा, बागेत काय मिळणार? मी सुरुवात कशी करू? कोणतं यंत्र घेऊ? आणि मैत्रिणीचं ऐकू का?

— एक वाचक

उत्तर:

ताई,

छंदाचं नंतर बोलू, आधी अंगठी. तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी एका वाक्यापाशी अडलो. त्या मुलाने लोखंड, फॉइल आणि टॅब बंद करून दिले, असं तुम्ही लिहिलंय. त्याचा हेतू चांगला होता, पण अंगठी बहुधा त्यामुळेच मिळाली नाही. तुमची कॉइल, म्हणजे दांडीच्या टोकाची चपटी तबकडी, तिच्यावरून गेलीही असेल आणि यंत्र गप्प राहिलं असेल, कारण त्याला गप्प राहायलाच सांगितलं होतं.

यंत्राला सोनं ओळखता येत नाही. कॉइलमधून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. तिथे धातू असेल तर त्यात पाण्यातल्या भोवऱ्यासारखे छोटे विद्युतप्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र तयार होतं आणि कॉइलमधलं दुसरं वेटोळं ते टिपतं. हे उत्तर किती जोरात आलं आणि किती उशिरा आलं, एवढंच यंत्र मोजतं. हा उशीर धातूवर अवलंबून असतो, तसाच वस्तूच्या जाडीवर आणि आकारावरही. जाड चांदीचं किंवा तांब्याचं नाणं यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यांच्या पट्टीत वरच्या टोकाला येतं आणि लोखंड खालच्या. पातळ सोन्याची अंगठी मात्र मधल्या भागात येते. फॉइल आणि कॅनचा ओढायचा टॅबही नेमके तिथेच येतात. टॅब बंद केला की त्याच्याबरोबर अंगठ्यांची अख्खी जमात बंद होते. पुष्कळ नवशिक्यांनी सोनं असंच हातचं घालवलं आहे.

तुम्हाला टोपणं आणि वाकडे खिळे का सापडले, याचंही उत्तर यातच आहे. पत्र्याचं गोल टोपण आणि गंजून वाकडं झालेलं लोखंड चांगल्या धातूसारखा आवाज काढून यंत्राला फसवतात. म्हणजे लोखंड बंद असूनही ते वाजत राहिलं आणि सोनं गप्प राहिलं. शिवाय जिथे इतके खिळे आहेत तिथे खिळ्याच्या शेजारी पडलेली अंगठी खिळ्याच्या सिग्नलखाली झाकली जाते. खिळा उचलला की तीच अंगठी वाजू लागते.

तेव्हा पुन्हा एकदा त्याच मुलाकडून तेच यंत्र आणा. या वेळी सगळं उघडं ठेवा, एकही धातू बंद करायचा नाही. अशीच दुसरी पातळ अंगठी मिळाली तर तिला हातभर लांब रंगीत दोरा बांधा, म्हणजे तीही हरवायची नाही. आधी जमिनीवर ठेवून तिच्यावरून कॉइल न्या, पडद्यावर येणारा आकडा कागदावर लिहा आणि आवाज कानात बसू द्या. मग तीच अंगठी चार बोटं खोल पुरून पुन्हा ऐका. आकडा थोडा हलेल, आवाज बारीक होईल. तुम्हाला शोधायचा आहे तो हाच आवाज.

वाफ्यावर सुतळ्या ताणून हातभर रुंदीचे पट्टे पाडा. कॉइल जमिनीपासून बोटभर वर आणि जमिनीला समांतर धरा. झाडू मारताना हात टोकाला वर जातो, तसा इथे जाऊ द्यायचा नाही. टोकाला कॉइल वर गेली की तेवढी जमीन न ऐकलेली राहते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या निम्म्यावर यायला हवी. एक पट्टा संपला की त्यातलं जे वाजलं ते सगळं काढा, खिळेसुद्धा, आणि तोच पट्टा आडव्या दिशेने पुन्हा करा. कंटाळवाणं आहे, पण अंगठ्या अशाच सापडतात. यंत्राबरोबर लहान कॉइल मिळत असेल तर तीच लावा. मोठी कॉइल खोल ऐकते, पण एकाच वेळी तिच्याखाली चार खिळे येतात. तुमची अंगठी खोल नाहीच, तण उपटताना ती निसटली आहे.

ही झाली वाफ्याची गोष्ट. पण मी तुमच्या जागी असतो तर वाफ्यापासून सुरुवात केली नसती. तण उपटल्यावर आपण काय करतो? मूठभर मुळं झटकतो, माती पाडतो आणि तण बाजूच्या ढिगावर टाकतो. बोटातली सैल अंगठी हाताला झटका बसतो तेव्हा निघते. म्हणून आधी तण टाकलेला ढीग बघा. ते कंपोस्टच्या खड्ड्यात गेलं असेल तर खड्डा बघा. हातमोजे घातले होते का? असतील तर त्यांच्या बोटांमध्ये आतपर्यंत चाचपा, मोजा काढताना अंगठी त्याच्याबरोबर ओढली जाते. हात धुतले तिथली जागा, पाणी वाहून गेलं ती वाट आणि घमेलं रिकामं केलं ती जागाही बघा. ढिगावर उभं राहून यंत्र फिरवू नका. एका प्लास्टिकच्या कापडावर दोन बोटं जाडीचा थर पसरा आणि त्यावरून कॉइल न्या. असा थोडा थोडा करून पूर्ण ढीग संपवा.

शोधताना पायात लोखंडी टोकाचे बूट नकोत, खुरपं आणि फावडं कॉइलपासून चार पावलं लांब ठेवा, हातातलं घड्याळ आणि धातूच्या बांगड्या काढा, फोन खिशात ठेवू नका. वाफ्याला तारेची जाळी असेल तर तिच्या कडेने हात-दीड हात जागेवर यंत्र विश्वासार्ह नाही, ती माती उचलून कापडावर आणून तपासा. हे किरकोळ वाटेल, पण या यंत्राच्या इतिहासातली एक फार मोठी फसगत अशाच आजूबाजूच्या धातूने केली आहे. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी शरीरात अडकली होती. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल ती शोधायला स्वतः जुळवलेलं विजेचं यंत्र घेऊन आले. यंत्र चालत होतं, पण अध्यक्षांच्या गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या, त्यांनी आवाज गढूळ केला. शिवाय डॉक्टरांनी शरीराची उजवी बाजूच तपासू दिली आणि गोळी डावीकडे होती. गारफिल्ड सप्टेंबरमध्ये गेले. मी नव्या माणसाला यंत्र हातात देण्याआधी ही गोष्ट सांगतो. यंत्र बरोबर असूनही शोध कसा चुकतो, याच्या दोन्ही वाटा तिच्यात आहेत: भोवतालचा धातू आणि चुकीची जागा.

आता छंद. ५२ हे वय त्याला अगदी चांगलं आहे, कारण इथे पायांपेक्षा धीर जास्त लागतो. गुडघ्याखाली ठेवायला जाड फोमचा तुकडा मात्र पहिल्या दिवसापासून जवळ ठेवा. तासाभरात पंधरा-वीस वेळा खाली बसावं लागतं.

यंत्राच्या बाबतीत मैत्रिणीचं ऐकू नका. सगळ्यात महाग यंत्र नवशिक्याला अडखळवतं. त्यात इतक्या सोयी असतात की काही वाजलं नाही तर ते सेटिंगमुळे, जमिनीमुळे की हात चुकल्यामुळे, हे कळत नाही. खेळण्यातलं अगदी स्वस्त यंत्रही नको, त्यात ग्राउंड बॅलन्स नसतो. ही सोय मी अत्यावश्यक मानतो. मातीत लोहखनिजाचे कण असतात, लालसर किंवा ज्वालामुखीच्या खडकापासून झालेल्या काळ्या मातीत तर पुष्कळ. ते स्वतःच सिग्नल देतात. ग्राउंड बॅलन्स म्हणजे यंत्राला आधी नुसती माती ऐकवून 'हा आवाज धरू नकोस' असं सांगणं. चार-पाच वेळा कॉइल वरखाली केली की चांगली यंत्रं ते आपलं आपण करतात. नवी जागा आली की हे पुन्हा करायचं.

साध्या भाषेत निवड अशी. बाग, शेत, मैदान यांसाठी मधल्या दर्जाचं व्हीएलएफ यंत्र पुरतं. व्हीएलएफ म्हणजे कमी वारंवारतेचं, साधारण ५ ते २० किलोहर्ट्झवर चालणारं. वारंवारता जितकी वर, तितकी बारीक सोन्याची जाण चांगली. जितकी खाली, तितकी चांदी-तांब्याची मोठी नाणी खोलवरून ऐकू येतात. समुद्रकिनाऱ्याच्या ओल्या वाळूत मात्र खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच वारंवारतेचं यंत्र तिथे सतत कुरकुरतं. किनारा जवळ असेल तर एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारं यंत्र बघा. पल्स इंडक्शन नावाचा वेगळा प्रकार आहे. तो विजेचे छोटे झटके देऊन ते कसे विरतात हे ऐकतो. खाऱ्या वाळूत आणि लोहयुक्त मातीत तो उत्तम, पण लोखंड आणि सोनं यांत तो नीट भेद करत नाही. सुरुवातीला तो नको.

विकत घेण्याआधी यंत्र हातात धरून दहा मिनिटं तोलत राहा. वजन पुढच्या बाजूला झुकत असेल तर तासाभरात मनगट दुखेल आणि दुखऱ्या हाताने कॉइल जमिनीला समांतर राहत नाही. पेटीवरच्या खोलीच्या दाव्यांकडे लक्ष देऊ नका. नाण्याएवढी वस्तू साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर ऐकू आली तर यंत्र आपलं काम करतंय. अंतर वाढलं की सिग्नल फार झपाट्याने घटतो, कोणतीही कंपनी हा नियम बदलू शकत नाही.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगतो. शंभर मीटरवरून सोनं दाखवतो, म्हणून अँटेनासारखी कांडी असलेली यंत्रं विकली जातात. त्यांतलं एकही घेऊ नका. एडीई ६५१ नावाचा असाच एक कांडीवाला 'शोधक' इराकमध्ये तपासणी नाक्यांवर स्फोटकं शोधायला विकला गेला. त्याच्या आत काम करणारं काहीच नव्हतं, आणि त्याचं मूळ गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायच्या एका खेळण्यात होतं. विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. ज्यांनी त्या कांडीवर भरवसा ठेवून गाड्या सोडल्या, त्यांचा विचार केला की मला अजून राग येतो.

यंत्राइतक्याच तीन गोष्टी गरजेच्या आहेत: हेडफोन, पिनपॉइंटर आणि मजबूत खुरपं. हेडफोन यासाठी की खोलवरचा सिग्नल कुजबुजीएवढा असतो, वाऱ्यात तो विरून जातो. पिनपॉइंटर म्हणजे मुठीत मावणारा छोटा शोधक, खड्ड्यात टोक घालून वस्तू नेमकी कुठे आहे ते सांगणारा. तो नसेल तर खड्डा तिप्पट मोठा होतो. यंत्राच्या बजेटमधून पैसे कापावे लागले तरी चालतील, पण हे तिन्ही घ्याच.

मग बागेच्या एका कोपऱ्यात चाचणीचा वाफा करा. एक नाणं ५ सेंटिमीटरवर, एक १० वर, एक १५ वर पुरा. त्यांच्या बाजूला एक खिळा, एक टोपण, फॉइलचा बोळा, एक टॅब आणि खिळ्याला चिकटून एक नाणं. कुठे काय पुरलं त्याचा नकाशा काढून ठेवा. रोज वीस मिनिटं तिथे फिरा, आधी पडदा बघून, मग कापडाने पडदा झाकून नुसत्या कानाने. माझ्या मते हा छंद कानाचा आहे. दोन्ही दिशांनी एकसारखा, गोल, मऊ आवाज आणि एका बाजूने फुटका, दुसरीकडून गायब होणारा आवाज, यांतला फरक कळायला मला सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत मी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राने किती बारीक सिग्नल टिपायचा ते ठरवणारं सेटिंग, कायम शेवटच्या टोकावर ठेवत होतो. वाटायचं, जास्त म्हणजे चांगलं. यंत्र सतत किरकिर करायचं आणि खरे सिग्नल त्या गोंगाटात बुडायचे. विजेच्या तारा जवळ असल्या की आणखीच वाईट. किरकिर थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी खाली आणा, मग शोधा.

एक बारकावा लक्षात ठेवा. बंद कडी असलेली अंगठी चांगली वाजते कारण प्रवाहाला गोल फिरायला वाट मिळते. तीच अंगठी कापलेली किंवा तुटलेली असेल तर आवाज एकदम कमी होतो. बारीक सोन्याची साखळी तर यंत्राला जवळजवळ ऐकूच येत नाही, ते प्रत्येक कडीला वेगळी तुटक वस्तू समजतं. उद्या कोणी साखळी शोधून द्यायला बोलावलं तर तिला अडकवायचा हूक किंवा लॉकेट आहे का ते आधी विचारा. शोधायचं ते त्यालाच.

खोदणं ही वेगळी कला आहे आणि तिच्यावर तुमचं नाव ठरतं. आधी कॉइल एकदा आडवी, एकदा उभी नेऊन सिग्नल जिथे दोन्हीकडून सर्वांत तेज आहे तो बिंदू पक्का करा. मग त्याभोवती तीन बाजूंनी गवत कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली राहू द्या. गवताचं झाकण मुळांसकट उघडा, खालची माती रुमालावर काढा, वस्तू काढून घ्या, पिनपॉइंटर खड्ड्यात पुन्हा फिरवा (एका खड्ड्यात कधीकधी दोन वस्तू असतात), माती परत घाला, झाकण बसवा आणि पायाने दाबा. चार दिवसांनी ती जागा तुम्हालाही ओळखता येता कामा नये. कडक उन्हाळ्यात गवताच्या जागी खोदूच नका, कापलेली मुळं परत धरत नाहीत. माझ्या पहिल्या वर्षी एका शेताच्या बांधावर मी घाईत सात-आठ खड्डे अर्धवट बुजवले. दुसऱ्या दिवशी मालकाच्या गाईचा पाय त्यातल्या एकात गेला. सुदैवाने हाड मोडलं नाही. त्या माणसाने मला पुन्हा कधी पाऊल ठेवू दिलं नाही आणि त्याचं काही चुकलं नाही. मी आजही उठण्याआधी खड्ड्यावरून तळहात फिरवतो.

त्यावरून परवानगीकडे येऊ. कोणाची जागा आहे हे माहीत नसेल तर यंत्र गाडीतून बाहेर काढायचं नाही. मालकाकडे स्वतः जा, यंत्र दाखवा, खड्डा कसा बुजवता ते त्याच्या अंगणात एकदा करून दाखवा आणि काही मौल्यवान निघालं तर काय करायचं हे आधीच कागदावर लिहून दोघांनी सही करा. सापडल्यानंतर वाटणीची बोलणी सुरू झाली की मैत्री तुटते. सार्वजनिक बागा आणि किनारे यांचे नियम तिथल्या प्रशासनाला विचारा. कोणी हटकलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं.

आणि पडकी वास्तू? ताई, तिथे यंत्र घेऊन जाऊ नका, अगदी नुसतं फिरवून बघायलाही नको. कायद्याचं कारण आहेच. भारतात संरक्षित स्मारकांच्या जागी विनापरवाना खोदणं गुन्हा आहे आणि जमिनीत दडलेला मौल्यवान ऐवज सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये पुरातन वस्तू शोधायला यंत्र वापरायचं तर सरकारी परवाना लागतो. आयर्लंडमध्येही परवानगीशिवाय तसा शोध घेता येत नाही. इंग्लंडमध्ये छंदाला मोकळीक आहे, पण कायद्याच्या व्याख्येत बसणारा खजिना १४ दिवसांत कळवावाच लागतो. जिथे राहता आणि जिथे फिरायला जाता, तिथला नियम आधी वाचा.

पण माझं मूळ कारण कायद्याचं नाही. जुन्या जागी मातीतली वस्तू एकटी नसते. ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, कोणत्या बाजूवर पडली होती, यातच तिची सगळी हकीकत असते आणि खुरप्याच्या एका फटक्यात ती कायमची पुसली जाते. दोन घटना सांगतो. १९९२ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यात हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचा निवृत्त माळी एका शेतात यंत्र घेऊन गेला. शेतकऱ्याचा हातोडा हरवला होता, तो शोधायला. वाजलं ते रोमन काळातलं सोनं-चांदी. त्याने थोडं काढलं, मोठं काही आहे हे लक्षात येताच हात थांबवला आणि कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी ते रीतसर उकरलं. सुमारे १५,००० नाणी, शिवाय चमचे, दागिने, भांडी. तो थांबला म्हणूनच हे सगळं एका लाकडी पेटीत कसं रचून ठेवलं होतं ते कळलं. पेटी कुजून गेली होती, तिच्या फक्त खुणा मातीत उरल्या होत्या. शेतकऱ्याचा हातोडाही सापडला आणि तो आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

दुसरी घटना जर्मनीतल्या नेब्राजवळची. १९९९ मध्ये दोघांनी परवानगी न घेता डोंगरावर यंत्र फिरवलं आणि साधारण ३,६०० वर्षांपूर्वीची कांस्याची तबकडी उपटून काढली. तिच्यावर सोन्याचे सूर्य, चंद्रकोर आणि तारे आहेत. आकाशाचं इतकं जुनं ठोस चित्र क्वचितच कुठे सापडलं असेल. हत्याराच्या घावाने तिची कड दुखावली, सोन्याचा तुकडा निघाला. ती चोरट्या बाजारात फिरली, २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पोलिसांनी सापळा रचून ती मिळवली आणि काढणाऱ्यांना शिक्षा झाली. ती खरी की बनावट, मुळात कुठली, हे ठरवायला शास्त्रज्ञांना तिला चिकटलेल्या मातीपासून सुरुवात करावी लागली. यंत्रं दोन्हीकडे सारखीच होती, ताई. एकाने हात थांबवला, दुसऱ्यांनी नाही. हॉक्सनच्या हातोड्याचा मला जितका हेवा वाटतो तितका कोणत्याच खजिन्याचा वाटत नाही.

तुमच्या स्वतःच्या बागेतही कधी एकाच जागी चार-पाच जुनी नाणी, भांड्याचे तुकडे, हाडं असं एकत्र दिसलं तर पुढे खोदू नका. फोटो काढा, जागेला खूण करा, माती परत झाका आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि नळकांड्यासारखं, एका टोकाला निमुळतं, जड, गंजलेलं काही दिसलं तर त्याला हात लावू नका, टोचू नका, धुऊ नका. मागे सरा, माणसं दूर करा, पोलिसांना बोलवा. जुना तोफगोळा किती वर्षं पडून आहे यावर तो जिवंत की मेलेला हे ठरत नाही.

तुमच्या पत्रातलं ते नाणं घासलं नसेल अशी आशा आहे. राख, चिंच, टूथपेस्ट, पितांबरी काही नको. तांब्यावरचा हिरवट-तपकिरी थर हे नाण्याचं कातडं असतं, घासलं की अक्षरं त्याच्याबरोबर जातात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, मऊ कापडावर वाळवा, कागदी पाकिटात घाला. त्यावर तारीख, जागा आणि खोली लिहा. टोपणांची आणि खिळ्यांचीही नोंद ठेवा. कोणत्या आकड्याला काय निघालं, ही वही वर्षभराने तुमची सगळ्यात उपयोगी वस्तू झालेली असेल.

घरच्यांना काय सांगायचं, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ते जाणवलं. काही सांगू नका. आवाज आला की थांबायचं आणि खाली बसायचं, यात तुम्हाला बरं वाटलं, एवढं कारण पुष्कळ आहे. हवं तर हसणाऱ्यांपैकी एकाला पुढच्या रविवारी सुतळी धरायला उभं करा. पहिला सिग्नल त्याच्या कानात वाजू द्या.

स्वतःचं यंत्र घ्यायची घाई करू नका. महिनाभर मागून आणलेल्या यंत्रावरच काढा. पुढच्या रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी, तणाच्या ढिगापासून सुरुवात करा, मग हात धुतले ती जागा, मग वाफे. आदल्या दिवशी वाफ्यांना पाणी घालून ठेवा, ओल्या मातीत खुरपं अलगद चालतं आणि अंगठीला ओरखडा पडणार नाही. अंगठी मिळाली की आधी पाण्याने धुवा आणि बोटात घालण्याआधी एकदा कॉइलखाली धरा. आकडा किती आला, तेवढं मला लिहून कळवा.